पाठीचा सत्कार

शाल कोणत्या बाजूनं पांघरायची, यावर कार्यक्रम अडला. खुर्चीवर ठेवलेल्या फोटोत माणसाची फक्त पाठ होती.

"तोंड न्हाई का ह्याला?" बायनाबाईंनी विचारलं. त्या शाळेत खिचडी शिजवायच्या. आज सोबत जिलेबीही होती.

"हाय की. पर फोटोवाले पहिल्या नंबरापाशी थांबतेत," ऑफिसातले दत्तराव म्हणाले. "ह्यो येईस्तोवर ते कॅमेरे भरून जेवायला गेलेले असतेत."

*क्लार्क बुद्धभूषणच्या मोबाइलवर शर्यत चालू. ४१ किलोमीटर बाकी.*

पाठ बेल्जियमच्या योरिसची होती. पंधरा वर्षं तो सायकल शर्यतीत होता. एकदाही जिंकला नाही. मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या आणि संघातल्या मोठ्या खेळाडूला नेऊन द्यायच्या, एवढंच त्याचं काम. फोटोत त्या बाटल्या शर्टात कोंबलेल्या होत्या. पाठीला सात टेंगळं आली होती.

दत्तरावांकडे त्याचे सहाशे बारा फोटो होते. कोपर. अर्धं चाक. दुसऱ्याच्या कानामागून डोकावणारं हेल्मेट. वालूरच्या शाळेच्या ऑफिसात बसून, जगभरच्या फोटोग्राफरांची पानं चाळून, त्यांनी ते एकेक वेचले होते. ही पाठ त्यातली सगळ्यात मोठी.

आज चीनमध्ये योरिसची शेवटची शर्यत होती. मग निवृत्ती. दत्तरावांनी मुख्याध्यापिका रेणुका मॅडमकडे हट्टच धरला. सेवापूर्ती सोहळा झाला पाहिजे. मांडव, शाल, नारळ, फेटा, सगळं.

"निरोप दिल्याबिगर माणूस जातच न्हाई, मॅडम. लटकून ऱ्हातो."

दत्तरावांना नाही म्हणायची शाळेत कुणाला सवय नव्हती.

*१८ बाकी.*

भाषणं झाली. योरिस निर्व्यसनी असल्याचं गणिताच्या सरांनी सांगितलं. तो शाळेच्या कामात कधी राजकारण आणत नसे, असं चित्रकलेच्या सरांनी. पाचवीच्या मुलींनी पाठीकडे बघून स्वागतगीत म्हटलं. फेटा फ्रेमच्या वरच्या कोपऱ्याला बांधला.

*६ बाकी.*

दत्तरावांचे डोळे भरून आले. ते शाल घेऊन पुढे झाले.

*०.*

योरिस एकशे चौदावा आला. बुद्धभूषण मोबाइल घेऊन उभा राहिला.

"काका, थांबा. घोळ झालाय. संघानं त्याला एक वर्ष वाढवून दिलंय. आत्ताच सांगितलं. ह्यो बघा सही करतानाचा फोटो."

फोटोत तोंड होतं. दत्तरावांनी ते पहिल्यांदाच पाहिलं. कान जरा मोठे होते. माणूस हसत होता.

मांडवामागं जिलेबीची कढई चरचरत होती. रेणुका मॅडम उठल्या. त्यांनी खुर्चीवरचा फोटो उचलून खाली ठेवला आणि दत्तरावांच्या हातातली शाल घेतली.

"बसा, दत्तराव."

"म्या?"

"तुम्ही वीस साली मे महिन्यात रिटायर झालात. लॉकडाऊन होतं, निरोप राहून गेला. शाळा उघडली त्या दिवशी तुम्ही दहाला हजर. बुद्धभूषणच्या टेबलाला टेबल लावलंत आणि आलेल्या कागदांवर आवक नंबर टाकायला बसलात. पाच वर्षं झाली. कुणाची जीभ रेटली नाही."

दत्तराव रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. बसले नाहीत.

"मला ठावं हाय, मॅडम," ते हळूच म्हणाले. "मला बी एक वर्ष वाढवून भेटंल का?"

मॅडमनी बुद्धभूषणकडे पाहिलं. बुद्धभूषण जिलेबीकडे बघायला लागला. मॅडमनी शालीची घडी घातली.

"लेखी अर्ज द्या," त्या म्हणाल्या. "आवक नंबर तुम्हीच टाका."