हिरव्या खाटा

"हे बघा, तुमच्याच ॲपवर सगळ्या खाटा हिरव्या!" लेकीने काउंटरवर हात आपटला. "रिकाम्या दिसल्या म्हणून बाबांना इथं आणलं. आणि आता म्हणता, जागा नाही?"

बाहेर रुग्णवाहिकेत बाप ऑक्सिजनवर होता. ॲप सांभाळणाऱ्या इंजिनियरबाईंनी लेकीचा मोबाईल पाहिला आणि त्यांचं डोकं सणकलं. इतक्या रिकाम्या खाटा या रुग्णालयाने बापजन्मात पाहिल्या नव्हत्या. त्या होत्या फक्त पाहुण्यांना दाखवायच्या, खोट्या आकड्यांच्या डेमोत.

त्या तरातरा सर्व्हरच्या खोलीत गेल्या. बाहेरून आलेली प्रत्येक विचारणा आधी प्रॉक्सीपाशी, म्हणजे वाट दाखवणाऱ्या मधल्या सर्व्हरपाशी थांबायची. पोर्ट ८०८० वर आलेली खऱ्या सर्व्हरकडे, ८०८१ वर आलेली डेमोकडे. ही वाटणी त्यांनीच लावून दिली होती. आता दोन्ही वाटा डेमोकडे वळवलेल्या होत्या.

"हे कुणी केलं?"

"अहो, डायरेक्टरसाहेबांच्या मोबाईलवर ८०८० च सेव्ह आहे," विभागप्रमुख म्हणाले. त्यांना पाठीमागे सगळे होयबा म्हणत, ते उगाच नाही. "पाहुण्यांसमोर साहेबांना नवा आकडा टाकायला लावायचा? तासाभराचा तर प्रश्न आहे. पाहुणे गेले की परत फिरवू."

"सगळं गाव त्याच पोर्टवर खाट शोधतं!"

"आवाज खाली. डेमो झकास चाललाय."

झकास! बाईंनी जिभेवर आलेली शिवी गिळली. प्रॉक्सीतली ती ओळ दुरुस्त केली आणि बदल लागू केला.

त्या काउंटरवर परतल्या, मागोमाग होयबाही आले. लेकीच्या मोबाईलवर आता सगळं लाल होतं. एव्हाना डॉक्टरांनी नदीपलीकडच्या रुग्णालयात फोन करून एक खाट अडवून ठेवली होती. रुग्णवाहिका सुरू झाली.

तेवढ्यात होयबांचा फोन वाजला. साहेबांचा आवाज काउंटरपर्यंत ऐकू आला. "अहो, सगळं लाल कसं झालं? पाहुणे बसलेत इथं! आधी हिरवं करा!"

बाईंनी होयबांच्या हातातून फोन काढून घेतला आणि लेकीच्या हातात दिला.

"लाल कसं झालं, विचारतायत. सांगा त्यांना."

लेकीने फोन कानाला लावलाच नाही. ती धावत जाऊन रुग्णवाहिकेत चढली आणि बाबांच्या घरघरत्या छातीशी तो धरला. दार लागलं, गाडी सुटली.

"अहो, थांबवा!" होयबा मागे पळत सुटले. "साहेब लाइनवर आहेत!"