तटाखालची माती

"भूर्ज!" उलझानच्या खांद्यावरून सूक्ष्मदर्शकात डोकावत येरमुखान ओरडला. "मी म्हणत नव्हतो? जंगल होतं तिथं!"

कोस्तानाय शहरातल्या त्या प्रयोगशाळेत नवरा-बायको दोघंच होते. माळावरच्या चार हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचं उत्खनन त्याचं. त्या वस्तीच्या तटाखाली दबलेल्या मातीतून पराग वेचून तेव्हा तिथं काय उगवत होतं, हवा कशी होती, हे सांगायचं काम हिचं. जंगलाशिवाय त्या लोकांना तिथला हिवाळा काढताच आला नसता, असं येरमुखान छातीठोकपणे सांगे. त्याचं अख्खं पुस्तक त्यावर उभं होतं आणि ते सोमवारी छापायला जाणार होतं.

उलझाननं भिंग बदललं, पुन्हा पाहिलं. बाकी सगळा रानदवणा आणि चाकवत, म्हणजे कोरडा, उघडा माळ. त्यांचे कण आतून रिकामे, नुसती टरफलं. भूर्जाचे मात्र जेवून उठल्यासारखे टम्म.

"अहो, खिडकी कुणी उघडली?"

"मीच. तुझ्या त्या आम्लाच्या वासानं डोकं उठलं होतं."

बाहेर भूर्जाची झाडं फुलली होती. मे महिना होता. खिडकीच्या कट्ट्यावर पिवळी धूळ साचली होती.

"जुन्या कणाच्या आत काही उरत नाही. उरलंसुरलं माझं आम्ल खातं. हे भरलेले आहेत. तुमचं जंगल आज सकाळी खिडकीतून आत आलंय."

येरमुखानचा चेहरा उतरला. तिला त्याची कीव आली आणि रागही आला.

"अगं, पण कुणाला कळणार आहे?" तो हळूच म्हणाला.

"मला कळलंय ना!" तिनं काचपट्ट्या सरळ बादलीत टाकल्या, खिडकी लावली आणि डबीतली उरलेली माती काढली. "पुन्हा करते. दवणा निघाला तर दवणाच लिहायचा. पुस्तक थांबवा."

"थांबवा काय थांबवा! झाड नाही म्हणजे सरपण नाही. पाच-पाच महिने बर्फ. पोरंबाळं गारठून मेली नसती?"

माती तोलता तोलता तिनं विचारलं, "तुमच्या गावात किती झाडं होती हो?"

"आमच्या गावात कुठलं आलंय झाड! आई उन्हाळाभर शेण थापायची. घरामागं गोवऱ्यांचा हा एवढा हुडवा असायचा."

"मग?"

"मग काय? सात भावंडं आम्ही. एकही दगावलं नाही," येरमुखान ठसक्यात म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.