हिरवा पट्टा

"यकृतात गाठ आहे, पण कुत्र्याच्या फीतकृमीची नसावी," पडद्याकडे पाहत डॉक्टर म्हणाले. "तुमच्या कुत्रीच्या, बुंदीच्या पट्ट्याची चार वर्षांची नोंद हिरवी आहे. कच्चं मांस नाही, पिसवा नाहीत. सुई घालून पाणी काढू या."

टेबलावर आडवी पडलेली मुक्ता हसली. "बघ आई, तुझी लाडकी निर्दोष सुटली!"

शालनला हसू आलं नाही. कुत्र्याने काय खाल्लं, कुणाला हुंगलं, हे सगळं पट्टा टिपायचा. तो लाल झाला की पालिकेची गाडी येऊन कुत्रं कायमचं घेऊन जायची. म्हणून दर रविवारी मटणाच्या दुकानापाशी शालन तो काढून स्वतःच्या मनगटाला गुंडाळायची, म्हणजे त्याला अंगाची ऊब मिळत राहायची आणि तो काढल्याची नोंद व्हायची नाही. दुकानदार फुप्फुसाचे कच्चे तुकडे टाकायचा, बुंदी ते फस्त करायची आणि घरी येऊन मुक्ताचं तोंड चाटायची.

नर्सने मुक्ताच्या पोटावर औषधाचा बोळा फिरवला.

"डॉक्टर, थांबा! रविवारी पट्टा माझ्या हाताला असायचा."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. "अहो, फीतकृमीची गाठ टोचली असती तर आतलं पाणी पोटात सांडून पोरगी हातची गेली असती."

मग त्यांनी बुंदीची नोंद लाल केली. गाडीची वेळ लगेच पडद्यावर उमटली, संध्याकाळी पाच.

पाचला बुंदी फिरायला जायची. गाडीवाल्यांनी दारावरची घंटा वाजवताच ती उड्या मारत दाराशी येणार, हे शालनला ठाऊक होतं.