जागा सोडताना

"इथे सही करा. दोघींचीही लागेल," प्रवेश-कार्यालयाच्या खिडकीपलीकडच्या सिस्टरनी जागा सोडल्याचा कागद पुढे सरकवला. "पण नीट विचार केलाय ना? एकदा शिक्का पडला की ही जागा परत मिळायची नाही."

मुलीने आईकडे पाहिलं. आईने मान डोलावली. मुलीने सही केली, पण पेन एवढं दाबून की कागद फाटतो की काय असं वाटावं. मग आईने केली.

फादर लोकांचं हे विद्यापीठ म्हणजे आत शिरणं महाकठीण. हजारांनी अर्ज यायचे आणि शंभर जणांना घ्यायचे. पण घेतलेल्या पोरांना शिकवावं तर यांनीच, असं सगळं गाव म्हणायचं. गेल्या महिन्यात दोघी पाहायला आल्या, तेव्हा जीवशास्त्राचे म्हातारे फादर मुलीला घेऊन तासभर सूक्ष्मदर्शकाशी बसले होते. निघताना नावाने हाक मारून म्हणाले होते, "पुढच्या खेपेला माझं काय चुकलं ते तू मला सांगायचंस हं!" त्या दिवसापासून पोरीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

आई गावाच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. परीक्षानळ्या धुवायच्या, काचसामान उकळून कपाटात लावायचं, प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांना लागेल ते हातात द्यायचं. एकोणीस वर्षं. सरांच्या संशोधनातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण परदेशातून माणसं त्यांना भेटायला यायची, खाली वाकून हात मिळवायची, हे ती बघत आली होती. मुलीला तिथेही प्रवेश मिळाला होता. मग इकडे की तिकडे, हे विचारायचं तरी कुणाला? सरांनाच.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच सरांनी तिला समोरच्या खुर्चीत बसवलं.

"हे बघा बाई, फादर लोक शिकवतात छान. वादच नाही. पण संशोधनाच्या नावाने बोंब! एक धड यंत्र नाही त्यांच्याकडे. एवढी हुशार पोर, तिला नुसत्या नावासाठी वाया घालवू नका. आमच्याकडे द्या."

घरी पोरीने तीन दिवस तोंड पाडलं. मग एकदा विचारलं, "आई, सर पहिल्या वर्षाला शिकवतात का गं?"

"शिकवत असतील की."

"तू कधी पाहिलंयस?"

आईने पाहिलं होतं. म्हणजे, पाहिलं नव्हतं. पहिल्या वर्षाला दोन-अडीचशे पोरं एका वर्गात कोंबलेली असायची, आणि तास घ्यायला सरांच्या हाताखालचं कुणीतरी जायचं. सर वर्षातून एकदा जायचे, स्वागताचा गुच्छ घ्यायला. पण एवढ्या मोठ्या माणसाच्या मागे कामं काय थोडी असतात?

"सरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं," ती म्हणाली होती, आणि विषय मिटवला होता.

सिस्टरनी कागद आपल्याकडे ओढला. शिक्का उचलला, आणि तसाच हातात धरून ठेवला. "आमचा एक नियम आहे. प्रतीक्षायादीतला पुढचा येणार असेल, तरच शिक्का. जागा रिकामी राहता कामा नये. थांबा, विचारून घेते." वयामुळे त्यांना कमी ऐकू यायचं. त्यांनी फोन मोठ्या आवाजावर लावून टेबलावर ठेवला.

एक घंटी पुरी वाजायच्या आतच तो उचलला गेला.

"बोला सिस्टर! आम्ही फाटकापाशीच गाडीत बसलोय. आज जागा सुटणार हे ठाऊक होतं मला."

आईने झटकन फोनकडे पाहिलं. हा आवाज ती एकोणीस वर्षं रोज ऐकत होती. भिंतीपलीकडून नुसता खोकला आला तरी तिने तो ओळखला असता. सरांचा मुलगाही यंदाच शाळेतून बाहेर पडला होता. तो कुठे जाणार हे तिने कधी विचारलं नव्हतं. त्यांनीही सांगितलं नव्हतं. आणि आज सकाळी ती इथे जागा सोडायला येणार, हे घराबाहेर एकाच माणसाला माहीत होतं. कालच तिने त्यांच्याकडे रजा मागितली होती.

"आई," मुलगी कुजबुजली, "हे तर..."

आईने तिचं मनगट घट्ट धरलं.

सिस्टर यादीतल्या त्या पुढच्या मुलाचा अर्ज चाळत होत्या. "पण वडील म्हणून तुम्ही स्वतः तिकडे एवढे मोठे संशोधक," त्या फोनला म्हणाल्या, "आणि मुलाला इकडे पाठवताय? नंतर मन बदलायचं नाही हं."

पलीकडून सर मोकळेपणाने हसले. एवढं मोकळं हसताना तिने त्यांना प्रयोगशाळेत कधी ऐकलं नव्हतं.

"संशोधन माझं आहे हो सिस्टर. पोराला अजून शिकायचंय."

त्या खुर्चीत बसल्यावर आपण सरांना तीन वेळा "उपकार झाले" म्हणालो होतो, एवढंच आईला आठवलं.

सिस्टरनी शिक्का शाईत दाबला.

आईने खिडकीतून हात आत घातला आणि कागद सर्रकन ओढून घेतला. सिस्टरचा शिक्का खालच्या टेबलावर उमटला. आई फोनकडे वाकली. एकेक शब्द नीट उच्चारत ती म्हणाली,

"सर, मी बोलतेय. जागा सुटलेली नाही. माझ्याही पोरीला शिकायचंय."