बोलणं मोजकं

शिलाईच्या दुकानात बसल्या बसल्या मी सहज मोबाइलवर स्वतःचं नाव शोधलं. पहिलंच दिसलं ते कोपऱ्यावरच्या वहिनींनी लिहिलेलं: "बाईंच्या हातात जादू आहे, पण कपडा वेळेवर मिळाला तर शपथ! 'उद्या या' म्हणतात आणि गेलं की तासभर गप्पांत अडकवतात."

माझा चेहरा एवढासा झाला. भाची म्हणाली, "मावशी, रडू नकोस. तुझा ब्रँड आता मी बनवते." तिनं चकचकीत कात्रीचा फोटो टाकला आणि माझ्या नावाखाली लिहिलं, 'कपडे दिलेल्या तारखेलाच. बोलणं मोजकं.'

त्यानंतर दुकानात चिटपाखरू फिरकेना. मी आपली रिकामं मशीन पुसत बसायची. भाचीला विचारलं की म्हणायची, "थांब गं, ब्रँड रुजायला वेळ लागतो."

एका दुपारी त्याच वहिनी दारातून हळूच डोकावल्या. मला पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.



"अगंबाई, तुम्हीच आहात होय! ते वाचून आम्हाला वाटलं, दुकान दुसऱ्याच कुणी घेतलं!"