पहिली रांग

“मॅडम, यंदा तुम्ही पाहुण्या आहात. पहिल्या रांगेत बसायचं,” असं म्हणत स्वयंसेवक मुलीनं हेमलताच्या हातातली खुर्ची काढून घेतली.

ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं हे संमेलन अठरा वर्षांपूर्वी हेमलता आणि दस्तगीरनंच कोल्हापुरात सुरू केलं होतं. तेव्हा तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत वीसेक जण जमले होते आणि पडदा म्हणून दस्तगीरच्या अम्मीची पांढरी चादर लावली होती. पुढं सभागृहं मोठी होत गेली. यंदा सगळा कारभार तरुणांनी हाती घेतला आणि या दोघांना पाहुणे केलं. तो शब्द हेमलताला सकाळपासून टोचत होता.

पहिलं भाषण रंगात आलं आणि प्रोजेक्टर बंद पडला. हेमलता आणि शेजारी बसलेला दस्तगीर, दोघंही एकदम उठली. तेवढ्यात एका मुलानं वायर बदललीसुद्धा. दोघं ओशाळून खाली बसली.

“हेमा, इतक्या वर्षांत आपण एक तरी भाषण पूर्ण ऐकलंय का गं?” दस्तगीरनं हळूच विचारलं.

तिला एकही आठवेना. चहाची किटली, वायरी, वक्त्यांसाठी थांबवलेल्या रिक्षा, एवढंच आठवलं. मग ती सावरून बसली आणि ऐकू लागली. भाषण कधी संपलं, तिला कळलंच नाही.

“कुणाला काही प्रश्न?” व्यासपीठावरून आवाज आला.

हेमलताचा हात आपोआप वर गेला. ती स्वयंसेवक मुलगी माइक घेऊन धावत आली. हेमलतानं तो घेतला आणि सवयीनं मागच्या रांगेतल्या माणसापुढं धरला.

“अगं,” दस्तगीर म्हणाला, “तुझ्यासाठीच आणलाय तो.”