चौथं प्रकरण

परीक्षकांनी चौथं प्रकरण उघडलं आणि दामिनीच्या तोंडचं पाणी पळालं.

ते प्रकरण तिनं लिहिलेलंच नव्हतं. तिचा मित्र साहिल यानं एक प्रोग्राम बनवला होता. विषय टाकला की तो विद्वानांची टर उडवणारा, भारदस्त आणि बिनअर्थाचा लेख लिहून द्यायचा. दामिनीच्या विषयावरचा असाच एक लेख वाचून दोघं कॅन्टीनमध्ये पोट धरून हसली होती. फाइल राहिली तिच्याच पेनड्राइव्हमध्ये, खऱ्या प्रकरणाशेजारी, आणि बायंडिंगवाल्यानं नेमकी तीच छापली. बांधून आलेला प्रबंध पुन्हा उघडायचा नाही, हटकून चुका दिसतात, ही संशोधकांची जुनी रीत. दामिनीनं तो उघडला थेट आज सकाळी. तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

समुद्रपूरकडच्या गोंड बायका रानाबद्दल कसं बोलतात, हा तिचा विषय. त्यासाठी ती कित्येक वर्षं आजीच्या मागं रानात हिंडली होती. पदवी हुकली तर सगळं मातीत जाणार होतं.

पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेला घरची माणसं येतात आणि नाश्ता उमेदवाराचाच असतो. तिच्या घरून एकटी आजी आली होती, रामबाई. ती शेवटच्या रांगेत आलूबोंड्याची प्लेट धरून बसली होती. आत येतानाच ती म्हणाली होती, "घाबरून काऊन राह्यली वं? तुले तं समदं येते."

परीक्षक मोठ्यानं वाचू लागले. "‘रानत्व म्हणजे स्वतःच्याच अनुपस्थितीला घातलेलं कुंपण. पाहा, कमला, पान नऊ.’"

कमला म्हणजे सिंदी मेघेतल्या मेसच्या मालकीणबाई. साहिलनं खोडसाळपणे त्यांना तत्त्वज्ञ करून टाकलं होतं. आता संपलं सगळं, असं दामिनीला वाटलं.

"सुंदर," परीक्षक म्हणाले. "हल्ली कमला वाचतं कोण? हे प्रकरण प्रबंधाचा प्राण आहे."

मार्गदर्शक उज्वलाताईंनी गंभीरपणे मान डोलावली. त्यांनीही ते प्रकरण वाचलं नसावं. दामिनीला रडूच यायचं बाकी होतं.

"दुसरं प्रकरण मात्र खरं वाटत नाही." परीक्षकांनी चष्मा काढला. "ही रामबाई कुमरे. वाळलेल्या मोहाला म्हणते, याचं बोलणं सरलं. पळसाला विचारल्याशिवाय पान तोडत नाही. खेड्यातली बाई असं बोलते? हे मशीननं रचलेलं आहे."

दामिनीनं वळून शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

"तसं असेल तर ते प्रकरण काढा. बाकीच्यावर मी आत्ता सही करतो. पण ही बाई खरी आहे असं म्हणत असाल, तर अख्खा प्रबंध तपासायला पाठवावा लागेल. पानन् पान."

पानन् पान म्हणजे चौथं प्रकरणही.

मागं खुर्ची सरकली. आपलं नाव ऐकून रामबाई उभी राहिली होती. प्लेट अजून हातातच होती.

"मले बोलावून राह्यले का, साहेब?"

परीक्षकांनी वळून पाहिलं. "या कोण?"

"नाश्ता वाढायला आणलेल्या बाई आहेत, सर," दामिनी म्हणाली.